आरी लागली एकाच डोळ्याला, मग लुई ब्रेलचे दोन्ही डोळे कसे गेले?

साल १८१२. पॅरिसच्या पूर्वेला असलेलं कूव्रे नावाचं खेडं. तिथे सिमोन-रने ब्रेल घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. त्यांचा सगळ्यात धाकटा मुलगा लुई तेव्हा तीन वर्षांचा होता. वडिलांच्या कामाच्या खोलीत त्याने चामड्याला भोक पाडायची आरी उचलली. ती सटकली आणि थेट डोळ्यात गेली.

एक डोळा गेला, हे समजू शकतं. पण काही काळाने दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही दिसेनासं झालं. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली होती.

जखमेतला संसर्ग दुसरीकडे पसरला, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. आजच्या डॉक्टरांचा अंदाज वेगळा आहे. त्यांच्या मते हा 'सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया' असावा, म्हणजे शरीराने स्वतःच्याच डोळ्यावर केलेला हल्ला.

तो होतो कसा? आपल्या रोगप्रतिकारक पेशींपासून डोळ्याचा आतला भाग बराचसा झाकलेला असतो. तिथली काही प्रथिनं या पेशींनी धड पाहिलेलीच नसतात. डोळा फुटला की ती बाहेर येतात आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात. तिथल्या टी-पेशींना वाटतं, हा कोणीतरी परका आहे. मग त्या रक्तातून त्याच प्रथिनांच्या शोधात निघतात. आणि ती प्रथिनं तर दुसऱ्या डोळ्यातही असतात! तिथे सूज येते, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. हे बहुतेक वेळा जखमेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतं.

आज अशा पेशंटला स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, आणि वेळेत दिली तर नजर वाचू शकते. लुईच्या काळात यातलं काहीच नव्हतं. स्टिरॉइड डॉक्टरांच्या हाती आलं ते १९५० च्या आसपास.

आईवडिलांनी मात्र त्याला घरात बसवून ठेवलं नाही. तो गावच्या शाळेत गेला आणि दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत. तिथे उठावदार अक्षरांची जाडजूड पुस्तकं होती. ती वाचताना वेळ फार जायचा, आणि स्वतः काही लिहिणं तर जवळपास अशक्यच. पुढे शार्ल बार्बिए यांची १२ टिंबांची पद्धत शाळेत आली. लुईने ती ६ टिंबांवर आणली, तेव्हा तो होता फक्त १५ वर्षांचा. १८२९ मध्ये त्याने ती छापून प्रसिद्ध केली. (आपली मराठीही याच ६ टिंबांत लिहिली जाते.)

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. पण १८४० च्या दशकात नव्या संचालकांनी शाळेत ही लिपी बंद केली. पोरं गुपचूप वापरत राहिली आणि शेवटी बंदी उठली.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने लुई गेला, वय ४३. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

१९५२ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेण्यात आले. हात मात्र कूव्रेतच ठेवले आहेत.