पांढऱ्या पानांचा शोध घेणारा माणूस : यूलिउस झाक्स

घटप्रभेच्या काठच्या चुनखडीच्या काळ्या रानात उसाची कोवळी पाने पिवळी पडून पुढे पांढुरकी होऊ लागली, की शेतकरी केवडा पडला असे म्हणतो आणि हिराकसाच्या पाण्याची फवारणी करतो. हिराकस हा लोहाचाच एक क्षार. त्या मातीत लोह नसते असे नाही. चुन्यामुळे ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. पान हिरवे होण्यासाठी लोह लागते, ही गोष्ट प्रथम फ्रान्समधील यूझेब ग्री यांच्या ध्यानात आली. 1840 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी फिकट पडलेल्या पानांवर लोहक्षाराचे पाणी लावून ती हिरवी करून दाखविली. मात्र लोहावाचून वनस्पतीचे नेमके काय होते, हे पाण्याच्या बरणीत पायरीपायरीने दाखवून दिले ते यूलिउस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने.

झाक्स यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1832 रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील कोरीवकाम करणारे कारागीर. घरची गरिबी होती; पण वडिलांनी मुलाला रेखाटन शिकविले आणि फुले, बुरशी, प्राण्यांच्या कवट्या असे जे दिसेल ते हुबेहूब काढण्याची सवय लावली. हाच त्याला मिळालेला वारसा. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होईतो वडील गेले, पाठोपाठ आईही गेली, आणि शिक्षण अर्ध्यावर सुटले.

त्याच शहरात यान पुर्किन्ये हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ राहत असत. झाक्स यांचा त्यांच्या घरी राबता होता. पुर्किन्ये प्रागच्या विद्यापीठात गेले, तेव्हा 1851 मध्ये त्यांनी या अनाथ मुलाला चित्रे काढण्याच्या कामावर तिकडे बोलावून घेतले. मालकाच्या कामातून उरलेल्या वेळात झाक्स शिकले आणि 1856 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढच्याच वर्षी ते वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र हा विषय शिकवू लागले. वनस्पतिशास्त्र म्हणजे झाडांची नावे लावणे आणि वाळवलेले नमुने जपणे, अशी समजूत असलेल्या त्या काळात हा विषय नवखाच होता.

1859 मध्ये ते ड्रेस्डेनजवळच्या टारांट येथील वनशेती विद्यालयात गेले, आणि तेथे ते बरणीचे प्रयोग रंगले. ओल्या भुशात बी रुजवायचे, रोप बुचाच्या भोकात बसवायचे आणि मुळे बरणीतल्या पाण्यात सोडायची. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. साधे मीठ, जिप्सम, मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम फॉस्फेट प्रत्येकी अर्धा ग्रॅम. आणि लोहक्षाराचा केवळ अंश. मातीचा कणही नसताना मका एवढ्यावर वाढे. आता यातून एकेक पदार्थ वगळून पाहायचे, एवढीच युक्ती.

लोह वगळले तेव्हा जे घडले ते सावकाश पाहण्याजोगे आहे. मक्याची पहिली तीन-चार पाने नेहमीसारखी हिरवीगार आली. त्यानंतरचे पान टोकाशी हिरवे, बुडाशी पांढरे. त्यापुढची पाने पूर्ण पांढरी. मग पाण्यात लोहक्षाराचे काही थेंब टाकले, की एक-दोन दिवसांत हिरवी झाक दिसू लागे आणि तीन-चार दिवसांत पान ताजे हिरवे होई. पांढऱ्या पानाच्या पृष्ठभागावर तेच पाणी कुंचल्याने लावले, तर तेवढाच भाग हिरवा होई.

या साध्या दृश्यात दोन मोठ्या गोष्टी दडल्या आहेत. पहिली पाने हिरवी आली, कारण बियाण्यात लोहाची शिदोरी बांधलेली होती. आणि ती संपल्यावर जुनी हिरवी पाने शेजारच्या उपाशी कोवळ्या पानाला आपले लोह सहजी देईनात. म्हणजे लोह वाहून नेणे आणि साठवणे ही पेशींची निराळी व्यवस्था असली पाहिजे. तिचा उलगडा व्हायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. मुळांनी घेतलेले लोह सायट्रेटशी बांधले जाऊन पाण्याच्या नलिकांतून वर चढते. अन्नरसाच्या नलिकांत त्याला निकोशियानामाइन नावाचा रेणू सोबत करतो. मोकळे लोह पेशीला घातक असते, म्हणून ते फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात कोंडले जाते. अशा एका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. कडधान्यांच्या दाण्यांत ही कोठारे असतात. गव्हासारख्या धान्यात लोह बहुतांशी पेशीतल्या रिक्तिकांमध्ये ठेवलेले सापडते. पानातले बरेचसे लोह हरितलवकांतच असते, तरी गंमत अशी की खुद्द हरितद्रव्याच्या रेणूत लोह नाही, मॅग्नेशियम आहे. लोह लागते ते हरितद्रव्य घडविण्यासाठी.

टारांटनंतर झाक्स बॉनजवळच्या पॉपल्सडॉर्फ येथे गेले. प्रकाशात हरितलवकांमध्ये पिष्ट तयार होते, हे त्यांनी तेथे आयोडीनच्या साहाय्याने दाखविले. शाळेच्या प्रयोगवहीत हा प्रयोग आजही असतो. 1868 पासून अखेरपर्यंत ते व्हुर्ट्सबुर्ग विद्यापीठात राहिले. इतर विद्यापीठांची बोलावणी त्यांनी नाकारली. त्यांचा पाठ्यग्रंथ युरोपभर वाचला गेला. त्यातली कित्येक चित्रे त्यांच्याच हातची. ह्यूगो द व्हरीस, कार्ल ग्योबेल अशी पुढे गाजलेली माणसे त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

चार्ल्स डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिसही तेथे काम करून गेला होता. 1880 मध्ये डार्विन पितापुत्रांनी लिहिले, की मुळाला खालची दिशा कळते ती त्याच्या टोकाकडून. झाक्स यांना हे पटले नाही. त्यांच्या साहाय्यकाने तो प्रयोग करून पाहिला, तो जमला नाही, आणि झाक्स यांनी डार्विन यांचे काम अडाणी हातांचे ठरवून टाकले. चूक झाक्स यांचीच होती. झाडात पाणी नलिकांच्या पोकळीतून चढत नाही, भिंतींतून झिरपत चढते, हा आग्रहही त्यांनी सोडला नाही. लोह ज्या वाटेने वर जाते ती वाटच त्यांना मान्य नव्हती. बरणीतल्या रोपाचे म्हणणे निमूटपणे ऐकणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या रोपाकडे कान फिरवावा, हे आज वाचतानाही खटकते.

उतारवयात अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. तरीही 1888 मध्ये त्यांनी एक निबंध छापला, तो बागेतल्या फिकट पडलेल्या झाडांवरील उपचारांचा. खोडाभोवती चर खणून त्यात लोहक्षार घालायचा, वर भरपूर पाणी सोडायचे आणि नव्या पानांची वाट पाहायची. आपल्याकडचा ऊसवाला जे हिराकस वापरतो, तेच. 29 मे 1897 रोजी व्हुर्ट्सबुर्ग येथेच झाक्स यांचे निधन झाले.