भीती सांगून टाकावी

गेल्या जूनमध्ये हॉस्टेलला दोन रात्री लाईट नव्हती. बाहेर मालवणचा पाऊस, खवळलेला समुद्र आणि डोक्यात एम-थ्रीची केटी! मी खरंच घाबरले होते. तेव्हा शाळेत सिस्टरांनी पाठ करून घेतलेली बायबलमधली स्तोत्रं आठवली. असेंब्लीत ती आम्ही इंग्रजीतून पोपटासारखी म्हणायचो. अर्थ पोचला तो नंतर, पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईने त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांतच गेली. ही मुलगी भावाबरोबर उपाशीपोटी देशभर पायी फिरली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, तर कान अधू झाल्याने तो बेतही बारगळला. तिथेच १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या भुकेने घर खाल्लं, तिच्याच तोंडाशी त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन असं वाढलं.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. त्यात ही १५० स्तोत्रंही आली. कितीतरी स्तोत्रांची सुरुवात भीतीने, तक्रारीने होते. भरवसा येतो तो नंतर. मला वाटतं, रमाबाईंना हा क्रम कुणी शिकवावा लागला नसेल. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

श्रद्धा म्हणजे न घाबरणं, असं मी समजत होते. तसं नाही. भीती आधी सांगून टाकायची, देवाला किंवा माणसाला, आणि मग कामाला लागायचं. त्या रात्री मी रूममेटला सांगितलं, मला एम-थ्रीची भीती वाटते. ती म्हणाली, मला पण! मग मेणबत्ती लावून आम्ही लाप्लास सोडवत बसलो.

निकाल अजून लागायचाय.