कापरेकर मास्तर, ६१७४ आणि तुमचा पहिला मॅक्रो



सुट्टीत गावी वडवणीला गेलो की एक्सेल शिकणारी पोरं हमखास विचारतात, दादा, मॅक्रो कुठून सुरू करायचा? शीटमध्ये आपण ज्या पायऱ्या हाताने पुन्हा पुन्हा करतो, त्या एकदाच लिहून ठेवायच्या आणि बटण दाबून करून घ्यायच्या, हाच मॅक्रो. मी त्यांना आधी देवळालीच्या एका शाळामास्तरांबद्दल सांगतो.

डहाणू ते देवळाली

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद, त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. त्यापुढे गणिताचं औपचारिक शिक्षण नाही. १९३० ते १९६२ त्यांनी शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळले.

६१७४ काय आहे?

१९४६ मध्ये त्यांना एक गंमत सापडली. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने. मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच.

मास्तरांचं जन्मवर्षच घेऊ, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हेच केलं तर पुन्हा ६१७४ येतं. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता. आज जगभर याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

याचा मॅक्रो करताना

१००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या ९ संख्या सोडल्या तर ८,९९१ उरतात. त्या हाताने तपासत बसायला कोणाला वेळ आहे? एक्सेलच्या व्हीबीएमध्ये एक लूप संख्या बदलतो, आतला लूप ६१७४ येईपर्यंत वजाबाकी करतो, आणि एक काउंटर पायऱ्या मोजतो.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. १००० मधून ०००१ वजा केल्यावर ९९९ उरतात. एक्सेलला हा तीन अंकी आकडा वाटतो, मग पुढच्या पायरीला उत्तर शून्य. म्हणून प्रत्येक वेळी फॉरमॅट फंक्शनने पुढे शून्य लावून चार अंक पूर्ण करा. दुसरं, ११११ सारखी संख्या वगळली नाही तर उत्तर शून्यावर अडकतं आणि आतला लूप थांबतच नाही. मास्तरांनी घातलेली अट आपल्या कोडमध्ये इफ बनून येते.

लक्षात घ्या, मोबाइलच्या एक्सेल अ‍ॅपमध्ये व्हीबीए मॅक्रो चालत नाही, कॉम्प्युटरच लागतो.

उशिरा मिळालेली दाद

मास्तरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हा शोध मांडला. पण आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. कितीतरी लेखन त्यांनी स्वतःच छापून घेतलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर पोहोचलं. वय होतं सत्तर. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

मॅक्रो ८,९९१ संख्या पटकन तपासून देतो. पण कोणती वजाबाकी करून बघायची आणि ती कुठे थांबते, हे त्याला आपणच सांगतो. मास्तरांना ते माहीत होतं, कारण त्यांनी कागदावर बसून केलं होतं. हजेरीची यादी असो की दुकानाचा हिशेब, काम आधी हाताने दोन-तीनदा करा, पायऱ्या वहीत लिहा, अडचणीच्या नोंदी वेगळ्या काढा, आणि मगच व्हीबीए उघडा.

आज सुरुवात म्हणून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुमचं जन्मवर्ष टाकून बघा. मास्तरांना सात पायऱ्या लागल्या, तुम्हाला किती लागतात?