बाळू पालवणकर : आकडे आणि आकड्यांबाहेरचा हिशेब

भारताच्या थोर फिरकी गोलंदाजांची यादी काढली की मंकड, गुप्ते, बेदी, प्रसन्ना ही नावे ओघाने येतात. कसोटी बळींच्या तक्त्यात त्यांची जागा पक्की आहे. बाळू पालवणकर यांचे नाव त्या तक्त्यात सापडत नाही. भारताने १९३२ मध्ये पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर उरतात प्रथम श्रेणीचे आकडे : ३३ सामने, १७९ बळी आणि १५.२१ ही सरासरी.

कोकणातील पालवण गावावरून आडनाव मिळालेल्या या चर्मकार कुटुंबात बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. वडील लष्करात होते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम बाळूंना महिना तीन रुपयांवर मिळाले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात पगार चार रुपये झाला. तेथे जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजांना सराव देण्यासाठी ते तासन्‌तास डावखुरी मंदगती गोलंदाजी करीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंवाचून गत्यंतर नव्हते. त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या, तर युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. १०९ धावांच्या त्या विजयात बाळूंचे आठ बळी होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी केवळ सहा जिंकलेल्या त्या संघात पस्तिशीतील बाळूंनी एकंदर ११४ बळी मिळवले. त्यांतील ७५ प्रथम श्रेणीतील होते, २०.१२ च्या सरासरीने. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी टिपले.

त्या काळी त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी होत असे. ऱ्होड्स यांनी चार हजारांहून अधिक बळी सुमारे १६.७ च्या सरासरीने मिळवले. केंटचे कॉलिन ब्लाइथ यांचे ४३९ सामन्यांत २५०३ बळी असून सरासरी १६.८१ आहे. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितकी चांगली. त्या निकषावर बाळू दोघांच्याही पुढे आहेत. सामन्यामागे बळी मोजले, तर ब्लाइथ ५.७०, बाळू ५.४२ आणि ऱ्होड्स ३.८ च्या आसपास.

पण हा हिशेब सावधपणेच मांडला पाहिजे. इंग्लंडमधील ७५ बळी वगळले, तर बाळूंचे उरलेले १०४ बळी १२ हून कमी सरासरीने पडतात. म्हणजेच एकूण सरासरी खाली आली ती भारतातील कामगिरीमुळे. शिवाय ३३ सामन्यांची शेकडो सामन्यांशी बरोबरी होत नाही. तरीही परक्या हवामानात, दुबळ्या संघाकडून मिळवलेली २०.१२ ही सरासरी कोणत्याही गोलंदाजाने अभिमानाने मिरवावी अशीच आहे.

आकड्यांत न दिसणारी नोंद कर्णधारपदाची आहे. ज्येष्ठता आणि कर्तृत्व असूनही बाळूंना हिंदू संघाचे नेतृत्व दिले गेले नाही. कर्णधार एम. डी. पै यांनीही त्यांचा हक्क उघडपणे मान्य केला होता. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघ सांभाळला. तेवढेच त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले.

पुढे बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. इंग्लंडहून परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यासाठी झटणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते. १९३७ च्या निवडणुकीत त्याच डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने बाळूंना उभे केले आणि सुमारे दोन हजार मतांनी ते पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांचे बळी आणि सरासरी ऱ्होड्स, ब्लाइथ यांच्या शेजारी मांडता येतात. त्या दोघांना कधीही मंडपाबाहेर बसून चहा घ्यावा लागला नव्हता, हे मात्र कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.