बाबासाहेबांची पाहणी आणि बीडचा कोयता

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांची पाहणी करायला माणसे येतात, माहिती भरून नेतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. आकडा गाजला, कोयता सुटला नाही. अशा वेळी आम्हाला बाबासाहेब आठवतात. पुतळ्यातले नव्हे, वही घेऊन फिरणारे.

महू येथे 1891 साली जन्मलेले भीमराव कोलंबियात शिकून आले आणि 1918 मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीला भांडवल हवे आणि तिच्यावरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलावा, असे त्यांचे म्हणणे. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण ते निबंधावर थांबले नाहीत. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. त्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. (आपल्याकडे आजही बाळंतपणाचा खाडा उचलीतून कापला जातो!)

अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून 1929 मध्ये ते खानदेशात गेले. धुळ्याकडे बहिष्काराच्या एका तक्रारीची चौकशी आटोपून परतताना चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाला थांबवून घेतले. वस्ती लांब. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने पायी चालावे हे लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकायला बसला वस्तीतलाच माणूस. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि पाय मोडला. ज्या गोष्टीची चौकशी करायला ते निघाले होते, तिनेच त्यांना अंथरुणाला खिळवले. समितीचा अहवाल 1930 मध्ये आला. त्यावर सदस्य म्हणून त्यांची सही होती.

कोकणातल्या खोतीचा अभ्यासही असाच कामाला लागला. 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. ते मंजूर होईना, तेव्हा जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन ते मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. खोती रद्द करणारा कायदा व्हायला 1949 साल उजाडले.