डॉक्टरेट व्हायच्या आधी आईनस्टाईन नोकरीसाठी पत्रं लिहीत होता, आणि एक पत्र त्याच्या नकळत वडिलांनी लिहिलं

जुलै १९०० मध्ये अल्बर्ट आईनस्टाईन झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन बाहेर पडला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याच्यासोबत पास झालेल्या तिघांना तिथंच सहायक म्हणून नोकरी मिळाली. याला नाही. तासांना दांड्या मारणारा विद्यार्थी कुठल्या प्राध्यापकाला हवा असतो? भौतिकशास्त्राच्या हाइनरिक वेबर यांच्याशी तर त्याचं चांगलंच बिनसलं होतं.

डॉक्टरेट अजून व्हायची होती. पण घरची परिस्थिती थांबण्यासारखी नव्हती. वडील हर्मन यांचा विजेच्या उपकरणांचा धंदा डबघाईला आला होता. मिलेव्हा मारिचशी लग्न करायचं, तर पगार हवा होता.

मग त्यानं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना थेट पत्रं लिहायला घेतली. १९ मार्च १९०१ ला लाइपझिगच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना पत्र गेलं, सोबत नुकताच छापून आलेला पहिला शोधनिबंध. उत्तर नाही. ३ एप्रिलला पुन्हा पत्र. निमित्त काय, तर आधीच्या पत्रात पत्ता दिला होता की नाही, हे आठवत नाही! आजच्या फॉलोअप मेलसारखंच हे. १२ एप्रिलला हॉलंडमधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओन्नेस यांना जोडकार्ड गेलं, म्हणजे उत्तराच्या टपालाचा खर्चही यानंच भरलेला. तिथूनही काही नाही.

त्या काळी सहायकाची नोकरी जाहिरातीपेक्षा प्राध्यापकाच्या शब्दावर मिळायची. आपल्याबद्दल वेबर वाईट सांगतात, असा आईनस्टाईनला संशय होता.

तेव्हा तो मिलानला आईवडिलांकडे राहत होता. मुलाची घालमेल हर्मन रोज पाहत होते. १३ एप्रिलला त्यांनी स्वतःच ऑस्टवाल्ड यांना पत्र लिहिलं. मुलगा बेकारीनं खचलाय, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं त्याला वाटतंय. त्याचा निबंध वाचून उमेद वाढवणाऱ्या चार ओळी तरी पाठवा, जमलं तर नोकरीही द्या, अशी विनंती त्यात होती. या पत्राचा मुलाला पत्ता नाही, हेही त्यांनी लिहिलं. प्रतिष्ठित प्राध्यापकाला एका अनोळखी व्यापाऱ्यानं असं लिहायचं, हे सोपं नव्हतं. त्यातूनही काही निष्पन्न झालं नाही.

पुढचं वर्ष बदली शिक्षक आणि खासगी शिकवण्या यांत गेलं. नोव्हेंबरमध्ये झुरिच विद्यापीठाला दिलेला प्रबंधही त्यानं मागं घेतला. शेवटी कामी आला तो वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमन. त्याच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कार्यालयाच्या संचालकांकडे शब्द टाकला, आणि जून १९०२ मध्ये आईनस्टाईन तिथं तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून लागला. वर्षाला ३,५०० फ्रँक पगार. ऑक्टोबरमध्ये हर्मन वारले. मुलाला सरकारी नोकरी लागलेली त्यांनी पाहिली, त्यापुढचं काहीच नाही.

डॉक्टरेट मिळाली १९०५ मध्ये, सापेक्षतेचा निबंध लिहिला त्याच वर्षी. १९०९ मध्ये जिनिव्हा विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा त्याच सन्मानाच्या मानकऱ्यांत ऑस्टवाल्डही होते. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी आईनस्टाईनचं नाव पहिल्यांदा सुचवलं गेलं. सुचवणारे होते विल्हेल्म ऑस्टवाल्ड.