नव्या लेन्ससाठी कॅमेराच कारखान्यात! कोण होते ऑस्कर बार्नाक?
रेंजफाइंडरची महागडी लेन्स मागवून सातारा-सांगलीत कुरिअरची वाट पाहताय? मग ऑस्कर बार्नाक यांच्याबद्दल वाचाच. जन्म १८७९, जर्मनी. दम्यामुळे अवजड कॅमेरा झेपेना, म्हणून लाइट्झ कंपनीतल्या या मेकॅनिकने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो 'लायका' नावाने बाजारात आला. १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागली, पण प्रत्येक लेन्स त्या-त्या कॅमेऱ्याला जुळवावी लागे. नवी हवी तर कॅमेराच कारखान्यात धाडा! (इंजिनीअरच्या भाषेत, टॉलरन्सचा घोळ.) १९३१ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी ठरले आणि कटकट मिटली. १९३२ मध्ये रेंजफाइंडर लेन्सशी जोडला गेला. १९३६ मध्ये बार्नाक यांचे निधन झाले. त्या स्क्रू माउंटच्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून आजच्या एम लायकावरही बसतात. सेकंडहँड घेताना मात्र काचेत बुरशी नाही ना, हे टॉर्च मारून बघा.